‘तडा सापडला नाही’ म्हणजे नेमकं काय कळलं?



या मालेत आतापर्यंत आपण प्रत्यक्ष पाहिलं, अनुमान पाहिलं. आज जो प्रश्न घ्यायचा आहे तो वरवर फार साधा आहे. एखादी गोष्ट ‘आहे’ हे आपल्याला डोळ्यांनी कळतं. पण एखादी गोष्ट ‘नाही’ हे कशानं कळतं? टेबलावर घडा नाही, हे मी जाणतो. आता घडा नसणं ही काही रंग-रूप असलेली वस्तू नव्हे, की ती डोळ्यांवर येऊन आदळेल. मग हे ज्ञान मला झालं कुठून? आपल्याकडे या प्रश्नावर शेकडो वर्षं वाद झाला. आज मी तो घड्याच्या उदाहरणानं मांडणार नाही. विमानाच्या उदाहरणानं मांडणार आहे. जुन्या प्रवासी विमानाच्या पत्र्यात तडा नाही, गंज नाही, असं एक माणूस रात्री दोन वाजता बघून सही करतो, आणि सकाळी त्या सहीच्या भरवशावर शंभर-दीडशे माणसं आकाशात जातात. ‘नाही’ या शब्दाला एवढी किंमत क्वचितच कुठे असेल.

मी इंजिनियर नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण विमान अपघातांचे चौकशी अहवाल हे ज्ञानमीमांसेच्या विद्यार्थ्यानं जरूर वाचावेत असं माझं मत आहे. कोणी काय पाहिलं, कशावरून काय मानलं, आणि मानलेलं कुठं चुकलं, याचा इतका काटेकोर हिशोब दुसरीकडे फारसा सापडत नाही.

आधी घटना सांगतो. २८ एप्रिल १९८८. हवाई बेटं. अलोहा एअरलाइन्सचं बोईंग ७३७ जातीचं विमान हिलोहून होनोलुलूला निघालं. उड्डाण क्रमांक २४३. आत ९५ माणसं. विमान २४,००० फुटांवर पोचलं आणि मोठा आवाज झाला. कॅप्टननं मागं वळून पाहिलं तर कॉकपिटचं दार नाही, आणि पुढच्या वर्गाचं छत जिथं असायला हवं तिथं आकाश. पुढच्या दारापासून पंखाच्या दिशेनं सुमारे १८ फूट लांबीचा वरचा भाग, छत आणि दोन्ही बाजूंच्या वरच्या भिंती, उडून गेला होता. प्रवाशांचे पट्टे बांधलेले होते म्हणून ते जागेवर राहिले. क्लॅराबेल लान्सिंग या ज्येष्ठ हवाई सेविका त्या वेळी उभ्या होत्या. त्या बाहेर फेकल्या गेल्या आणि सापडल्या नाहीत. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टायमर आणि सहवैमानिक मॅडलिन टॉम्पकिन्स यांनी सुमारे तेरा मिनिटांत ते उघडं विमान माउई बेटावरच्या काहुलुई विमानतळावर उतरवलं. बाकीचे ९४ जण वाचले.

आता हे विमान केवढं जुनं होतं? १९६९ सालचं, म्हणजे एकोणीस वर्षांचं. उड्डाणाचे तास झाले होते ३५,४९६. हा आकडा फार मोठा नाही. पण उड्डाणांची संख्या होती ८९,६८०. जगातल्या सगळ्या ७३७ विमानांत त्या वेळी हा दुसऱ्या क्रमांकाचा आकडा होता. भागाकार करून बघा, एक उड्डाण सरासरी चोवीस मिनिटांचं. या बेटावरून त्या बेटावर, दिवसभर, एसटीच्या गाडीसारखं.

तास महत्त्वाचे की उड्डाणं? यासाठी विमानाचं धड म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. वर हवा विरळ असते, म्हणून आत दाब भरावा लागतो. ७३७ मध्ये आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक पूर्ण उंचीवर एवढा असतो, की भिंतीच्या दर चौरस मीटरवर आतून बाहेर सुमारे पाच टनांचा रेटा बसतो. आणि तो पत्रा किती जाड? अलोहाच्या विमानात एक मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी. म्हणजे विमान हा एक फुगा आहे. प्रत्येक उड्डाणात तो एकदा फुगतो आणि एकदा बसतो. लोखंडाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हापुन्हा मागं-पुढं वाकवली की तुटते. धातूला ‘थकवा’ येतो असं म्हणतात ते हेच. विमान तीन तास उडो की वीस मिनिटं, फुगणं आणि बसणं एकदाच. म्हणून पत्र्याचं वय वर्षांत मोजायचं नसतं, तासांतही नाही; या फेऱ्यांत मोजायचं असतं.

हे ज्ञान स्वस्तात मिळालेलं नाही. १९५४ साली कॉमेट नावाची दोन ब्रिटिश जेट विमानं जानेवारी आणि एप्रिल महिन्यांत भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरो इथल्या शास्त्रज्ञांनी तसंच एक विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवलं आणि आत पाणी भरून दाब वाढवत-कमी करत राहिले. पाणीच का? तर हवा भरली असती तर फुटताना सगळ्याच्या चिंध्या झाल्या असत्या, आणि सुरुवात कुठून झाली ते कळलं नसतं. पाणी दबत नाही, त्यामुळे चीर पडली की दाब लगेच उतरतो आणि पुरावा शाबूत राहतो. ते धड एकूण ३,०५७ फेऱ्यांनंतर फाटलं; त्यांतल्या १,२२१ त्यानं खरोखर आकाशात केल्या होत्या. खिडकीच्या कोपऱ्यापाशी ताण साठत होता.

मग १९८८ साली, चौतीस वर्षांनंतर, पुन्हा तेच कसं झालं? इथं दुसरा शत्रू येतो. गंज.

धड एका अखंड पत्र्याचं नसतं. पत्रे एकावर एक थोडे चढवून जोडतात, कौलं चढवतात तसे. सुरुवातीच्या ७३७ विमानांत ही चढ सुमारे तीन इंचांची होती. मध्ये चिकटवणीनं भिजवलेलं कापड, आणि वरून रिव्हेटच्या तीन रांगा. कल्पना अशी, की भार चिकटवणीनं पेलायचा. सगळ्या सांध्यावर तो सारखा पसरेल, आणि रिव्हेट जोडीला असतील. पण ही चिकटवण थंड ठेवावी लागायची, तिच्यावर दव धरायचं, काही ठिकाणी ती नीट धरतच नसे. जिथं धरली नाही तिथं फट. फटीत ओल. आणि हवाईची हवा कशी, तर मुंबईच्या समुद्राकाठच्या घरात खिडकीच्या गजांचं काय होतं ते तुम्ही बघताच. खारी, दमट. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. पांढरी भुकटी धरते. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे दोन पत्रे आतून एकमेकांपासून ढकलले जातात आणि रिव्हेटच्या मध्ये पत्रा उशीसारखा फुगतो.

चिकटवण सुटली की सगळा भार रिव्हेटवर. रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोक वरून तिरकं कापलेलं असतं. पत्रा एवढा पातळ, की भोकाची आतली कड सुरीच्या धारेसारखी झालेली. ताण तिथं एकवटतो, आणि तिथून तडे निघतात. एका भोकापासून नव्हे. वरच्या रांगेतल्या ओळीनं अनेक भोकांपासून, एकाच काळात. हे ‘एकाच काळात’ लक्षात ठेवा. त्याकडे परत यायचं आहे.

आता तपासणी. जुन्या विमानात तडा आणि गंज शोधतात कसा? पहिलं साधन म्हणजे डोळा. हातात दिवा, भिंग, आरसा. रंगाला पडलेली भेग, रिव्हेटच्या भोवती काळपट शेपूट, पत्र्याचा फुगवटा. गंज कुठं शोधायचा हे जाणकाराला माहीत असतं: संडासाच्या खाली, स्वयंपाकाच्या ओट्याच्या खाली, दारांच्या उंबऱ्याशी, पोटाच्या तळाशी जिथं पाणी साचतं. आपल्या घरात ओल मोरीशेजारच्या भिंतीत धरते, विमानातही न्याय तोच. दुसरं साधन कान. बारीक हातोडीनं किंवा नाण्यानं ठोकत जायचं. चिकटवण घट्ट असेल तर खणखणीत आवाज, सुटलेली असेल तर बद्द. माठ घेताना आपण बोटानं वाजवतोच की.

मग येतात यंत्रं. चीर असेल तिथं शिरणारा रंगीत द्रव लावायचा, पुसायचा, आणि चिरेतून काय परत बाहेर येतं ते पाहायचं. ध्वनिलहरी पाठवून प्रतिध्वनी ऐकायचा. क्ष-किरण. आणि आपल्या कथेत महत्त्वाचं असलेलं एडी करंट. तारेच्या छोट्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडायची आणि ते वेटोळं पत्र्याजवळ न्यायचं. पत्र्यात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उठतात. मध्ये चीर आली की भोवरा मोडतो आणि काटा हलतो. रंगाखालची, डोळ्याला न दिसणारी चीर त्यात पकडता येते.

आणि इथं एक गोष्ट करतात, जी मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं फार मोलाची वाटते. काम सुरू करण्याआधी तपासनीस ते वेटोळं एका नमुन्याच्या पट्टीवर फिरवतो. त्या पट्टीत ठरावीक मापाची चीर मुद्दाम पाडलेली असते. काटा हलला, तरच यंत्र विमानाला लावायचं. म्हणजे, ‘नाही’ म्हणण्याच्या आधी तो स्वतःला विचारतो, की चीर असती तर मला ती दिसली असती का?

मित्रहो, हाच तो आपला जुना प्रश्न. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, अभावाचं ज्ञान हे प्रत्यक्षही नाही आणि अनुमानही नाही. ते वेगळं, सहावं प्रमाण. त्याला नाव दिलं अनुपलब्धी. अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारलं. नैयायिकांनी हरकत घेतली: वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानंच कळतो. बौद्धांचा धर्मकीर्ती म्हणाला, हे अनुमानच आहे, आणि न दिसणं हा त्याचा हेतू. म्हणजे तिघांची तीन मतं. पण एका अटीवर यांचं बरंचसं एकमत आहे. नुसतं ‘दिसलं नाही’ एवढं पुरत नाही. न दिसलेली वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं होत नाही. पिशाच दिसत नाही, म्हणून पिशाच नाही असंही तेवढ्यावरून सिद्ध होत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगं मानलेलंच नाही. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू समोर येण्याजोगी हवी, लक्ष हवं. एवढं सगळं असून घडा दिसला नाही, तर आणि तरच ‘घडा नाही’ हे ज्ञान. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. बाकी नुसती अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं.

नमुन्याची पट्टी म्हणजे ‘योग्यता’ सिद्ध करणं आहे, दुसरं काय? आजचे अभियंते हीच गोष्ट आकड्यात मांडतात. अमुक पद्धतीनं अमुक लांबीचा तडा शंभरांतून नव्वद वेळा सापडेल, असं पंच्याण्णव टक्के खात्रीनं सांगता येतं का? येत असेल तर त्या पद्धतीची दृष्टी तेवढ्या लांबीपर्यंत. त्याहून बारीक तड्याबद्दल तपासनीसानं ‘नाही’ म्हणायचंच नसतं. त्याला म्हणायचं असतं, ‘एवढ्या मापाचा नाही.’ मग त्या मापाचा तडा धोक्याच्या मापाचा व्हायला किती फेऱ्या लागतील याचा हिशोब करून, त्याच्या आत निदान दोनदा तपासणी पडेल असं अंतर ठेवतात. एकदा सुटला तरी दुसऱ्यांदा सापडावा.

पण योग्यतेत यंत्राबरोबर माणूसही येतो, आणि अलोहाच्या अहवालाचा हा भाग वाचण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९८९ साली तो प्रसिद्ध केला. त्यात तपासनीसाचं काम कसं असतं ते सांगितलं आहे. विमान दिवसभर उडतं, म्हणून काम रात्री. परांचीवर चढून, हातात दिवा आणि यंत्र घेऊन, धडाच्या वरच्या बाजूला एकेक रिव्हेट बघत सरकायचं. पडू नये म्हणून कधी हँगरच्या तुळयांना बांधलेला दोर. एक रिव्हेट, दुसरा, शंभरावा, पाचशेवा. काही नाही. काही नाही. आणि काही नाही, काही नाही असं शंभर वेळा झालं की माणसाचं मन पुढच्या वेळीही ‘काही नाही’ अशीच अपेक्षा धरू लागतं. अहवालानं हे स्वाभाविक मानलं आहे. तो तपासनिसाचा आळस नव्हे. डोळे उघडे असतात, उजेड असतो, तडाही समोर असतो, आणि लक्ष गेलेलं असतं. मीमांसकांच्या भाषेत, मन इंद्रियाला जोडलेलं नसतं. मग योग्यता कुठे राहिली?

दुसरा दोष व्यवस्थेचा. सांध्यांची चिकटवण सुटते हे निर्मात्याला १९७० च्या दशकापासून माहीत होतं, सूचनापत्रं निघाली होती. पुढच्या विमानांत रचनाही बदलली. १९८७ साली सरकारी आदेश निघाला, पण त्यानं सक्ती केली ती वरच्या एकाच सांध्याची, डाव्या आणि उजव्या बाजूच्या. अलोहाच्या या विमानात त्या तपासणीत डोळ्यांनी दोन तडे सापडले, ते दुरुस्तही केले गेले. पण तडा सापडल्यावर जी एडी करंट तपासणी व्हायला हवी होती तिची नोंद चौकशीत मिळाली नाही. आणि विमान फाटलं ते दुसऱ्याच, खालच्या सांध्यापासून. जिथं पाहिलंच नाही तिथलं ‘नाही’ हे ज्ञान नव्हे, अनुपलब्धीही नव्हे. ती नुसती रिकामी जागा. कागदावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात: ‘दोष आढळला नाही.’

आता त्या ‘एकाच काळात’ कडे येऊ. विमान बांधणाऱ्यांनी तडा पडेलच हे गृहीत धरलेलं होतं. ते बेसावध नव्हते. पत्र्याच्या आतून थोड्या थोड्या अंतरावर आडव्या पट्ट्या होत्या. तडा धावत आला की पट्टीशी वळेल, पत्र्याचा एक तुकडा झडपेसारखा उघडेल, दाब सुटेल, आवाज होईल, आणि विमान सुखरूप उतरेल. चाचणीच्या धडाला मुद्दाम चीर पाडून हे सिद्धही केलं होतं. मग अलोहात ती झडप का उघडली नाही? कारण चाचणीतलं धड निरोगी होतं. एक चीर आणि भोवती धड पत्रा. अलोहात भोवतीच्या प्रत्येक भोकापाशी छोटा तडा आधीच वाट पाहत होता. ते एकमेकांना मिळाले आणि पट्ट्या ओलांडून गेले.

तर्काच्या भाषेत सांगायचं तर एक व्याप्ती धरली होती: ‘जिथं तडा, तिथं शेजारी आधार.’ नवीन विमानात ती खरी होती. पण तिला एक उपाधी चिकटलेली होती, की शेजारी निरोगी असेल तरच. म्हातारपण म्हणजे नेमकी ती उपाधी सुटणं. आधाराला असलेली गोष्ट त्याच वयाची, त्याच हवेत राहिलेली, तेवढ्याच फेऱ्या केलेली असते. ती वेगळी साक्ष देत नाही. आपल्या वयाच्या माणसांना हे निराळं समजावून सांगायला नको. गुडघा दुखतो म्हणून दुसऱ्या पायावर भार द्यावा, तर तोही त्याच वर्षी जन्मलेला.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग सरळ नियम करा, इतक्या वर्षांपुढचं विमान नको. या मोहापासूनही सावध राहिलं पाहिजे. १७ जुलै २००० ला पाटण्यात अलायन्स एअरचं ७३७ पडलं, साठ माणसं गेली. विमान वीस वर्षांचं होतं, आणि ‘जुनी विमानं’ म्हणून देशभर ओरड झाली. चौकशीत निष्कर्ष निघाला तो उतरताना वेग घटून विमान ताब्याबाहेर गेल्याचा. पत्र्याचा त्यात संबंध नव्हता. उलट बाजूचं उदाहरण १ एप्रिल २०११ चं. साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या पंधरा वर्षांच्या ७३७ चं छत उड्डाणात सुमारे पाच फूट फाटलं. सुदैवानं कोणी दगावलं नाही. तपासात आढळलं, की कारखान्यातच त्या सांध्याची भोकं नीट पाडलेली नव्हती. त्या वयाला तो सांधा तपासायची गरजच नाही असं मानलं गेलं होतं. तेव्हा वय हे चिन्ह आहे, कारण नव्हे.

चिन्हांवरून एक शेवटचं उदाहरण देतो, आणि ते अनुमानाचं आहे. २५ मे २००२. चायना एअरलाइन्सचं ७४७, उड्डाण ६११, तैपेईहून हाँगकाँगला जाताना तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेत तुटलं. २२५ माणसं गेली. मूळ शोधत गेले ते बावीस वर्षं मागं. फेब्रुवारी १९८० मध्ये हाँगकाँगला उतरताना याच विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. पत्र्यावर ओरखडे पडले. नियमाप्रमाणे ओरखडलेला भाग कापून काढायला हवा होता, किंवा वरचं ठिगळ पुरेसं मोठं लावायला हवं होतं. तसं झालं नाही. ओरखडे ठिगळाखाली राहिले. त्यांतून तडा वाढत गेला, बावीस वर्षं, आणि बाहेरून तपासणाऱ्याला दिसत होतं ते वरचं धडधाकट ठिगळ. झाकलेला घडा! जपानमध्ये १२ ऑगस्ट १९८५ ला ५२० माणसं गेली तीही अशाच दुरुस्तीमुळे: शेपटी घासल्यावर मागची दाबभिंत जोडताना रिव्हेटच्या दोन रांगांचं काम एका रांगेवर आलं होतं.

पण चायना एअरलाइन्सच्या त्या ठिगळाचे अपघाताच्या काही महिने आधी तपासणीत काढलेले फोटो होते. त्यात ठिगळाच्या कडेला तपकिरी डाग दिसतात. डाग कसले? पूर्वी विमानात सिगारेट ओढायला परवानगी होती. तंबाखूच्या धुराचा चिकटा आतल्या हवेत असायचा. ठिगळाखालच्या चिरेतून दाबाची हवा बाहेर झिरपत होती आणि जाताना तो चिकटा कडेला सोडत होती. म्हणजे तडा डोळ्याला अयोग्य होता, दिसण्याजोगा नव्हता, पण त्याचं कार्य बाहेर येऊन पडलं होतं. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण कोणतं? डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नी. इथं अक्षरशः धूरच होता. फोटोत होता. फक्त तो धूर आहे हे ओळखणारा, म्हणजे ज्याच्या मनात व्याप्ती तयार आहे असा माणूस तिथं नव्हता. चिन्ह स्वतः बोलत नाही. ‘असा डाग म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे चीर’ हे आधी शिकलेल्यालाच ते बोलतं.

अलोहानंतर बदल झाले, आणि ते महत्त्वाचे आहेत. गंज रोखण्याचे कार्यक्रम सक्तीचे झाले. १९९१ साली अमेरिकेत कायदा झाला, की चौदा वर्षांपुढच्या विमानांची खास तपासणी व्हावी. अल्बुकर्कला तपासणीच्या पद्धतींचीच परीक्षा घेणारं केंद्र निघालं. तिथं तडे माहीत असलेले नमुने तपासनिसांपुढे ठेवून पाहतात, की त्यांना किती सापडतात. आणि सगळ्यात मोठा बदल असा, की काही भागांच्या बाबतीत ‘पुन्हापुन्हा बघत राहा’ हा सल्ला सोडून ‘इतक्या फेऱ्यांनंतर काहीही न दिसलं तरी भाग बदला’ असा नियम आला. २०१० च्या अमेरिकी नियमानं तर विमानाच्या सांगाड्यालाच मर्यादा घातली: आमचे पुरावे इतक्या फेऱ्यांपर्यंतचे आहेत, त्यापुढं उडायचं नाही. बघा, यातला ज्ञानाचा विनय केवढा आहे. विमान त्या फेरीला मोडेल असं कोणी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की तिथून पुढं आमच्या ‘नाही’ला आधार नाही.

हे सगळं ऐकून विमानात बसायची भीती घालून घेऊ नका. विमानप्रवास आज जितका सुरक्षित आहे तो याच हिशोबामुळे. मला भीती आहे ती उलट दिशेची. पुलाचं संरचनात्मक ऑडिट होतं, जुन्या इमारतीचं होतं, आपल्या छातीचा फोटो निघतो, आणि कागदावर येतं: ‘दोष आढळला नाही.’ आपण वाचतो: ‘दोष नाही.’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माणसं मरतात. तेव्हा असा कागद हातात आला की तीन प्रश्न विचारा. कुठं पाहिलं आणि कुठं पाहिलं नाही? असता तर दिसला असता, हे कशावरून? आणि पाहणाऱ्याला नीट पाहता येईल एवढा वेळ, उजेड आणि झोप मिळाली होती का? तिसरा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. पण तो त्या माणसाचा अपमान नाही. रात्री दोरावर लटकून पाचशेवा रिव्हेट बघणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणं आहे ते.

आणि एक गोष्ट सांगून थांबतो. अलोहाच्या त्या उड्डाणाच्या वेळी हिलोला विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्यावर, रिव्हेटच्या रांगेत, आडवी चीर दिसली होती. हे त्यांनी नंतर चौकशीत सांगितलं. त्या वेळी त्या कोणाशी बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. आपणही बोललो नसतो. ‘एवढी मोठी कंपनी, एवढे जाणकार, त्यांनी पाहिलंच असेल,’ असं आपल्याला वाटतं. म्हणजे काय होतं बघा: ज्यांनी पाहायचं त्यांना दिसलं नाही, म्हणून ‘नाही’ असं लिहिलं गेलं, आणि जिला दिसलं, तिनं त्या लिहिलेल्या ‘नाही’पुढं स्वतःचं प्रत्यक्ष गिळून टाकलं. प्रमाणशास्त्रात प्रत्यक्षाला पहिलं स्थान दिलेलं आहे ते उगाच नाही. तुम्हाला चीर दिसली, तर जाणकार असा की नसा, दाराशी उभ्या असलेल्या माणसाला सांगा. फार तर ती रंगाची भेग निघेल.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.